बरोबर उत्तराला गोळी नाही

आमचे सर पाठ बघायला वर्गात हेल्मेट घेऊन यायचे. बी.एड. कॉलेजातले बाकीचे प्राध्यापक निरीक्षणाचा फॉर्म आणि लाल पेन घेऊन येत. सरांकडे ते दोन्ही असायचंच, शिवाय काखेत पांढरं हेल्मेट. एकदा मोपेडच्या हँडलला अडकवलेलं त्यांचं हेल्मेट कुणीतरी पळवलं होतं, तेव्हापासून त्यांनी त्याला नजरेआड केलं नाही. आत आले की खुर्चीकडे बघायचेसुद्धा नाहीत. सरळ शेवटच्या बाकावर जायचे, दोन पोरांना सरकवून मधे बसायचे आणि हेल्मेट मांडीवर ठेवायचे.

पाठ रंगला तर हेल्मेट मांडीवरच राहायचं. कंटाळवाणा झाला की सर ते शांतपणे डोक्यात घालत, हनुवटीखाली पट्टा लावत आणि तास संपेपर्यंत तसेच बसून राहत. फळ्यावर लिहून आपण मागे वळावं, तर पन्नास काळ्या डोक्यांच्या मागे एक पांढरं हेल्मेट. माझी एक कोसाडची मैत्रीण होती. प्रकाशाचं परावर्तन शिकवताना तिनं ते पाहिलं आणि तिच्या हातातला आरसाच खाली पडला.

"सर, हेल्मेट का घालता हो?" असं तिनं नंतर धीर करून विचारलं.

"घरी जायची वेळ झाली असं वाटतं मला," सर म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. खरोखर वाटायचं त्यांना तसं.

मी बी.एड.ला प्रवेश घेतला तेव्हा एकोणतीस वर्षांची होते आणि माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली मला ताई म्हणायच्या. वडील खानदेशातून सुरतेला आले ते मिलच्या फोल्डिंग खात्यात. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि पांडेसऱ्यातल्या एका डाइंग हाउसच्या लॅबमध्ये लागले. सहा वर्षं शेड जुळवल्या. काम वाईट नव्हतं. पण लॅबमध्ये नवीन लागलेल्या मुलांना रंग कापडात कसा शिरतो हे समजावून सांगताना जी मजा यायची, ती शेड जुळली म्हणून कधी आली नाही. एक दिवस मी नवऱ्याला म्हटलं, मला शिक्षिका व्हायचंय. तो मार्केटमध्ये साड्यांच्या पार्सलचं काम बघतो, कमी बोलतो. म्हणाला, "हो मग." सासूबाईंनी मात्र अट घातली. "दोन वरीस शिकी ले. तिसरं मांगू नको."

तिसरं मागायची सोय नव्हतीच. लॅबमधल्या माझ्या जागेवर आठवड्यात दुसरी मुलगी बसली. बमरोलीच्या एका मराठी शाळेत विज्ञानाची जागा रिकामी होती. तिथल्या मुख्याध्यापकांनी सांगितलं होतं, निकाल घेऊन जूनमध्ये या, तोवर मी कुणाला घेत नाही. म्हणजे मला पहिल्या फटक्यात पास व्हायचं होतं. आणि बी.एड.मध्ये सगळं एका ठिकाणी येऊन अडतं, ते म्हणजे वार्षिक पाठ. बाहेरचे परीक्षक येतात, पस्तीस मिनिटं मागे बसतात आणि दोन वर्षांचा निकाल लावून जातात.

त्या पाठाची एक चोरवाट सगळ्यांना ठाऊक होती. दरवर्षीची पोरं ती पुढच्या पोरांना दाखवून जायची. आदल्या दिवशी त्याच वर्गावर जायचं, तोच पाठ एकदा शिकवून टाकायचा, कोणत्या प्रश्नाला कोणी हात वर करायचा ते ठरवायचं आणि वर चॉकलेटं वाटायची. दुसऱ्या दिवशी पाठ असा सुरळीत होतो की ऐकत राहावं. शाळेतल्या पोरांनाही सवय झालेली. एका शाळेत एका मुलानं मला स्वतःहून विचारलं होतं, "मॅडम, उद्या कुणी चुकायचं ते ठरवलं का? एक जण तरी चुकला पाहिजे, नाहीतर खरं वाटत नाही."

सरावाच्या पहिल्याच मोठ्या पाठाला मी हेच केलं. विषय आम्ल आणि आम्लारी, म्हणजे माझा हातखंडा. प्रश्न विचारला की पटापट हात वर, बरोबर उत्तर, "शाबास", पुढचा प्रश्न. दहाव्या मिनिटाला सरांनी हेल्मेट घातलं. मला वाटलं, चुकून घातलं असेल. पाठ संपल्यावर टाचणवही घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिले, तर शेऱ्यात एकच ओळ: "शून्य चुका. या वर्गाला शिक्षिकेची गरज नव्हती." खाली सही नाही.

"सर, सगळी उत्तरं बरोबर आली," मी म्हणाले. आवाज चढला होता माझा.

"तेच तर. त्यांना सगळं येत होतं. मग तुम्ही तिथं काय करत होता?"

"सगळेच असं करतात."

"हो. सगळ्यांच्याच पाठाला मला हेल्मेट लागतं."

तो पाठ त्यांनी मला दुसऱ्या वर्गावर पुन्हा घ्यायला लावला. घरी जाऊन मी नवऱ्यासमोर त्यांना मनसोक्त शिव्या दिल्या. विक्षिप्त म्हातारा, दुसऱ्याचं नुकसान करून मजा घेतो, असं बरंच काही. नवरा म्हणाला, "पण तू त्या पोरांना काय शिकवलंस?" त्याच्याशीही दोन दिवस बोलले नाही.

सरांच्या या वेडाचं मूळ त्यांच्या पिशवीत होतं. एक जाडजूड रजिस्टर, त्याला कुठल्याशा सिंथेटिक साडीच्या तुकड्याचं कव्हर. त्यात पोरांची चुकीची उत्तरं लिहिलेली असायची. बरोबर उत्तराला त्या रजिस्टरात जागा नव्हती. शाळा, इयत्ता, मुलाचं नाव, प्रश्न, उत्तर, आणि शेवटी एक रकाना: "का?" हा रकाना लगेच भरायचा नाही, असा त्यांचा नियम. मुलानं तसं का म्हटलं हे पक्कं कळेपर्यंत तो कोरा राहायचा, कधी सहा सहा महिने. तोवर सर बेचैन असायचे. चहा पिता पिता मधेच म्हणायचे, "अमरोलीच्या त्या पोरीनं बेडकाला चार हृदयं का सांगितली असतील?"

डाव्या खिशात लिमलेटच्या गोळ्या असायच्या. पाठ संपला की बाकावरून उठून ज्या मुलानं मस्तपैकी चुकीचं उत्तर दिलं असेल त्याच्यापाशी जायचे आणि त्याच्या हातावर गोळी ठेवायचे. "वा, काय सरस चूक केलीस रे!" पोरगं गोंधळून आमच्याकडे बघायचं. पहिल्या बाकावरची हुशार मुलं कधीतरी तक्रार करायची की आम्ही बरोबर सांगितलं, आम्हाला का नाही? "बरोबर उत्तराला गोळी नाही," सर म्हणायचे. "ते पुस्तकात आहे. याचं कुठल्याच पुस्तकात नाही."

आम्हालाही कामाला लावलं होतं. प्रत्येकानं आठवड्याला पाच चुका आणायच्या, वर्गात मिळालेल्या, ताज्या. एका आठवड्यात मला तीनच मिळाल्या. उरलेल्या दोन मी रिक्षात बसून रचल्या. सरांनी यादी वाचली, तीन चुकांवर बरोबरची खूण केली आणि दोहोंवर बोट ठेवलं. "या दोन पोरांच्या नाहीत. या तुमच्या आहेत. पोरं एवढी आळशी चूक करत नाहीत." मी अशी लाजले की पुढे कधी रचली नाही.

त्यांच्या रजिस्टरातली दोन उत्तरं मी आयुष्यात विसरणार नाही. एकात बाईंनी विचारलं होतं, एका दिवसात किती तास असतात? मुलगा म्हणाला, "बारा. मंग दुसरी शिफ्ट." त्याचा "का" रकाना भरायला सरांना कुठे जावं लागलं नाही. दुसरं कोसाडच्या शाळेतलं. उष्णतेचे दुर्वाहक सांगा. मुलानं उभं राहून सांगितलं, "लाकूड, प्लास्टिक आनि मनी मायना हात." वर्ग हसला. पाठ घेणाऱ्यानं, तो माझाच वर्गमित्र, "फालतूपणा नको" म्हणून त्याला बसवलं. सर संध्याकाळी मोपेड काढून त्या मुलाच्या घरी गेले. त्याची आई पन्नास कामगारांचे डबे करायची. सरांसमोर तिनं चुलीवरचं भलंमोठं पातेलं फडक्याशिवाय, चिमट्याशिवाय, नुसत्या हातांनी उतरवलं आणि विचारलं, "चहा लेतस ना?" सरांनी रजिस्टरात लिहिलं: "कारण: आईचे तळवे. मुलाचं निरीक्षण अचूक." दुसऱ्या दिवशी त्यांनी हे आम्हाला वाचून दाखवलं. माझा तो वर्गमित्र खाली मान घालून बसला होता. मग तो उठला, बाहेर गेला आणि त्या शाळेत जाऊन त्या मुलाची माफी मागून आला. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, हा म्हातारा वेडा नसावा. किंवा असला तर आपल्यालाही थोडं तसं व्हायला हवं.

कॉलेजात त्यांचं सगळ्यांशी पटायचं असं नाही. आमच्या प्राचार्या टाचणाच्या रकान्यांच्या बाबतीत फार कडक. उद्दिष्टं, शिक्षककृती, विद्यार्थीकृती, फलकलेखन, मूल्यमापन, गृहपाठ, प्रत्येकापुढे मिनिटं लिहिलेली हवीत. विद्यार्थीकृतीच्या रकान्यात आम्ही आधीच लिहून ठेवायचो, "विद्यार्थी अपेक्षित उत्तर देतील." सर त्या वाक्याखाली दर वेळी तेच लिहायचे, "आणि नाही दिलं तर?" एकदा प्राचार्या वैतागून म्हणाल्या, "सर, तुमच्या विद्यार्थ्यांचे पाठ कधी वेळेत संपत नाहीत." सर म्हणाले, "हो, पोरं मधे मधे विचार करतात ना." प्राचार्यांना हसू आलं आणि ते लपवायला त्या खिडकीकडे वळल्या.

वार्षिक पाठासाठी मला नववीचा वर्ग मिळाला. पांडेसऱ्यातलीच शाळा, विषय पदार्थाच्या अवस्था आणि उत्कलन. आदल्या दिवशी कोसाडची मैत्रीण म्हणाली, "चल, दोघी जाऊन वर्ग तयार करून येऊ. आज तरी सरांचं ऐकू नकोस, आज गुण सर देणार नाहीत." तिचं बरोबर होतं. चॉकलेटांचा पुडा घेऊन मी शाळेच्या फाटकापर्यंत गेलेही. मग परत फिरले. यात शौर्य वगैरे नव्हतं. हातातल्या त्या पुड्याची मला शरम वाटायला लागली होती, एवढंच.

परीक्षक बाई बाहेरगावच्या होत्या, गुजराती, पण मराठी व्यवस्थित समजायचं त्यांना. पांढरी खादीची साडी, कडक चेहरा, समोर गुणांचा तक्ता. त्या खुर्चीवर बसल्या. सर नेहमीप्रमाणे शेवटच्या बाकावर. बर्फ, पाणी, वाफ, सगळं ठीक चाललं होतं. चंचुपात्रात पाणी तापत होतं, त्यात तापमापी लावलेली. टाचणाप्रमाणे बाराव्या मिनिटाचा प्रश्न आला: पाणी किती तापमानाला उकळतं? पुढचा रकाना तयारच होता, विद्यार्थी म्हणतील शंभर अंश सेल्सिअस.

तिसऱ्या बाकावरच्या काजलनं हात वर केला होता. मी तिला उठवलं.

"मॅडम, पानी एकशे तीसवरबी उकयत नही."

वर्गात खसखस पिकली. परीक्षक बाईंनी मान वर केली.

"नाही, चूक. बस खाली," मी म्हणाले. "कोण सांगेल?" दुसऱ्या कुणीतरी शंभर सांगितलं, मी शाबास म्हटलं आणि फळ्याकडे वळून मोठ्या अक्षरात १०० लिहिलं.

लिहिता लिहिताच माझा हात थबकला. सहा वर्षं मी लॅबच्या रजिस्टरात रोज सकाळी जो आकडा लिहीत होते तो शंभर नव्हता. एकशे तीस होता. पॉलिस्टरवर गडद रंग त्याशिवाय बसत नाही. स्टीलच्या छोट्या बंद डब्यांत कापडाचा तुकडा आणि रंगाचं पाणी घालायचं, झाकण घट्ट आवळायचं आणि एकशे तीसला न्यायचं. हजारो डबे आवळले होते मी या हातांनी. आणि पोरीनं तेच सांगितलं तर मी तिला चूक म्हणून खाली बसवलं होतं.

खरं सांगते, पहिल्यांदा मनात आलं, राहू दे. तेवीस मिनिटं उरली होती आणि तीन रकाने. आकृती, मूल्यमापन, गृहपाठ. जूनमधली बमरोलीची शाळा. पाठ कुणी बिघडवत नव्हतं, मीच बिघडवणार होते. मी मागे पाहिलं. सर माझ्याकडे बघत नव्हते. ते खाली बसलेल्या काजलच्या पाठीकडे बघत होते.

"काजल, ऊठ बेटा," मी म्हणाले. "मी चुकले. परत सांग."

ती उठली, पण आता घाबरली होती. हळूच म्हणाली, "मना पप्पा जेटवर शेतस. जेटमा पानी एकशे तीसवर जास. तरी उकयत नही. काचमाईन मी सोता देखं शे."

जेट म्हणजे कापड रंगवायचं मोठं बंद मशीन, आत बघायला त्याला एक काच असते. त्या वर्गातल्या अर्ध्या पोरांचे बाप, काका, भाऊ अशा मशीनवर उभे असतात. मी फळ्यावर १००च्या शेजारी १३० लिहिलं आणि विचारलं, "दोन्ही आकडे खरे आहेत. कसं काय? कोण सांगतं?"

मग जे झालं ते मी टाचणात कधीच लिहू शकले नसते. मागच्या बाकावरचा एक मुलगा ओरडलाच, "झाकन उघडं तं समदं उडी जाई, मॅडम! ऐंशीना खाले उनं का मंगच उघाडतस!" दुसरा म्हणाला, तापमान ऐंशीच्या खाली यायच्या आधीच झाकण उघडलं म्हणून त्याच्या मामाचा हात भाजला होता. एका मुलीनं कुकरचं सांगितलं. मी विचारलं, उडून का जाईल? आत काय कोंडलंय? वाफ. वाफ कोंडली की पाण्यावर काय येतं? "दाब!" तीन-चार जण एकदम. आणि मग काजल, जिला मी दहा मिनिटांपूर्वी खाली बसवलं होतं, ती न विचारता उभी राहिली आणि म्हणाली, म्हणजे दाब पाण्याला उकळू देत नाही, म्हणून ते जास्त तापतं. मी खडू घेतला आणि फळाभर जेट मशीन काढलं. पोरं वह्यांत काढून घेत होती, वाद घालत होती. आजवर मी पाठ दिले होते, त्या दिवशी पहिल्यांदा शिकवलं.

आणि घंटा झाली.

परीक्षक बाई चष्मा काढून म्हणाल्या, "बेन, तमारो पाठ तो अधूरो रह्यो. मूल्यांकन क्यां? गृहकार्य क्यां?" मूल्यमापन झालं नाही, गृहपाठ दिला नाही, दोन रकाने कोरे. त्यांनी तक्त्यावर पेन्सिलनं काहीतरी लिहिलं. उद्या सगळे पाठ संपले की शाईनं लिहीन, म्हणाल्या. मला पेन्सिलचा आकडा दिसला. तो पास व्हायला पुरणारा नव्हता.

व्हरांड्यात सर गाठ पडले. वाटलं, काहीतरी धीराचं बोलतील. त्यांनी रजिस्टर उघडलं आणि विचारलं, "त्या मुलीचं घर कुठे आहे हो?"

"सर, मी नापास होतेय," मी म्हणाले. "आणि तुम्हाला तिचा पत्ता हवाय?"

"हो," सर म्हणाले. "बमरोलीला राहते का ती?"

मला इतका राग आला की मी पाठ फिरवून चालू लागले. शेअर रिक्षात सगळ्यांच्या देखत रडले. घरी सासूबाईंनी विचारलं, "कसं व्हयनं?" मी म्हटलं, अर्धं झालं. त्यांनी माझ्यापुढे गरम भाकरी ठेवली आणि त्या शेजारी बसून राहिल्या. त्या बाईला मी तोवर फार वेगळं समजत होते.

दुसऱ्या दिवशी उरलेल्यांचे पाठ होते आणि आम्हाला हजर राहणं भाग होतं. पहिला पाठ संपला, परीक्षक बाई आणि सर व्हरांड्यात उभे होते, मी खांबाआड. फाटकातून एक माणूस आला. रात्रपाळी करून थेट आलेला, नखांत निळा रंग, एका हातात डबा, दुसऱ्या हातात वही. मागून काजल, जवळजवळ पळत. शिपायानं अडवलं तर तो म्हणाला, "कालदिन फयावर जेट काढा त्या मॅडमले भेटनं शे."

मी पुढे झाले. त्यानं वही उघडून माझ्यासमोर धरली.

"मॅडम, राग मानू नका," तो म्हणाला. "पन हाई चुकेल शे. पंप कोठे शे? पंप नही तं कपडा फिरी कसा?"

मी बघितलं. खरंच की! पाण्याबरोबर कापड ज्याच्या जोरावर फिरतं तो पंपच मी काढला नव्हता. सहा वर्षं लॅबमध्ये बसून मी जेटकडे दारातूनच बघितलं होतं. परीक्षक बाईंसमोर, आणखी एक चूक. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

बाईंनी हात पुढे करून वही मागितली. पान उलटलं. माझ्या आकृतीच्या शेजारी लाल पेन्सिलनं पंप काढला होता, बाणांनी पाण्याची दिशा दाखवली होती. खाली काजलच्या अक्षरात, "मी पप्पांना विचारलं" असा मथळा आणि खाली प्रश्न. पाणी एकशे तीसवर किती वेळ ठेवतात? दाब कशावर दिसतो? झाकण उघडायच्या आधी काय करतात? प्रत्येकाखाली उत्तर. शेवटचा प्रश्न: दाब अजून वाढवला तर पाणी अजून तापेल का? त्याखाली लिहिलं होतं, "पप्पांना माहीत नाही. मॅडमना विचारणे."

"आ गृहकार्य कोणे आप्युं?" बाईंनी काजलला विचारलं. गृहपाठ कुणी दिला?

"कुनीच नही," काजल म्हणाली. "मीच करा."

बाईंनी ते पान पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचलं. सर छताकडे बघत होते. आदल्या संध्याकाळी ते बमरोलीला काजलच्या घरी जाऊन चहा पिऊन आले होते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. काजलच्या वडिलांनी आकृतीतली चूक दाखवली तेव्हा सर त्यांना म्हणाले होते, "मला जेट कळत नाही. तुम्हीच मॅडमना सांगा." रजिस्टरात त्यांनी त्या रात्री एक नोंद केली, ती मी पुढे पाहिली. नावाच्या जागी माझं नाव होतं, उत्तराच्या जागी "जेटला पंप नाही", आणि "का?" रकान्यात, "मशीन दुरून पाहिलं."

बाईंनी वही मिटली आणि माझ्याकडे पाहिलं. चेहरा कडकच होता.

"तमारो पाठ अधूरो छे ने?" त्या म्हणाल्या. "तो पूरो करो. आ भाईने लईने जाव." मग मराठीत म्हणाल्या, "यांना घेऊन चला, मी पण बसते."

नववीचा तास रिकामाच होता, इतिहासाचे शिक्षक आले नव्हते. आम्ही आत शिरलो तेव्हा पोरं उभी राहिली ती बसेचनात. परीक्षक बाई खुर्ची ओलांडून शेवटच्या बाकावर सरांशेजारी जाऊन बसल्या. त्या दिवशी पेन्सिलचा आकडा खोडला गेला आणि शाईनं जो लिहिला गेला तो आमच्या कॉलेजात सगळ्यांत मोठा होता. जूनमध्ये मी बमरोलीच्या शाळेत रुजू झाले, आज तिथे विज्ञान शिकवते. पण हे सगळं नंतरचं. त्या वेळी मला गुण आठवतही नव्हते.

काजलचे वडील दारातच थांबले होते. चप्पल काढू की नको असं चाललं होतं त्यांचं. म्हणाले, मी सातवी नापास, मी काय सांगू? मी त्यांच्या हातात खडू दिला आणि बाजूला झाले. त्यांनी एकदा हात पँटला पुसला. मग फळ्यापाशी जाऊन, कोपऱ्यात, अगदी लहानसा, पंप काढायला लागले.

काजल बाकावरून उठून उभी राहिली.

"पप्पा, मोठं काढा," ती म्हणाली. "मांगे दिसत नही."